भाड्याच्या घरात पाणी नेमकं मुरतं कुठं?

दोन-अडीच महिने बंद असलेलं घर उघडलं की आधी वास येतो. गटाराचा. घर भाड्याने पाहायला आलेलं जोडपं नाकाला रुमाल लावून आत डोकावतं, ‘विचार करून कळवतो’ म्हणतं आणि जिना उतरायला लागतं. मालक धसकतो. ड्रेनेज लाइन फुटली असणार, अशी त्याची खात्री होते. प्लंबर येतो, फरशीकडे बघत मान हलवतो आणि म्हणतो, ‘फोडून बघावं लागेल.’

फोडण्याआधी एवढं करा. बाथरूमच्या जाळीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये थोडं थोडं पाणी ओता, कमोड फ्लश करा, खिडक्या उघडा आणि तासाभराने परत या. बहुतेकदा वास गेलेला असतो. फुटलेलं काही नसतंच, सुकलेलं असतं. काय सुकलेलं असतं, ते पुढे सांगतो.

भाड्याने दिलेल्या घराचे नळ आणि पाइप काही वेगळ्या कारखान्यात बनत नाहीत. तरी तिथली पाण्याची दुखणी जास्त चिघळतात. कारण साधं आहे: पाणी वापरतो एक, दुरुस्तीचे पैसे देतो दुसरा आणि छत गळतं ते खालच्या तिसऱ्याचंच. ज्याला थेंब दिसतो त्याला खर्चाशी देणंघेणं नाही आणि ज्याच्या खिशाला झळ बसणार त्याला थेंब दिसत नाही. पाणी मुरायला वेळ लागतो, पण त्याची बातमी योग्य माणसापर्यंत पोचायला त्याहून जास्त लागतो. खरं नुकसान या मधल्या वेळेत होतं.

## दाबाचं पाणी आणि उताराचं पाणी

घरात पाण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात आणि दोघींचे स्वभाव उलटे आहेत.

पहिली येणाऱ्या पाण्याची. हे पाणी दाबाखाली असतं. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर त्या नळामागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो, आणि घरातले सगळे झोपले तरी तो उतरत नाही. म्हणून या बाजूचा सांधा सुटला की तो चोवीस तास गळतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज चार लिटरहून थोडं जास्त. बादलीत पडलं तर किरकोळ वाटेल. भिंतीच्या आत रोज चार लिटर ओतलं जातंय असं डोळ्यांपुढे आणलं की मग किरकोळ वाटत नाही.

दुसरी यंत्रणा जाणाऱ्या पाण्याची. तिच्यामागे कसलाही जोर नसतो. पाणी केवळ उतारावरून घरंगळत जातं. त्यामुळे इथली गळती कुणी आंघोळ केली, भांडी घासली किंवा फ्लश केलं तरच होते.

इतकं कळलं तरी अर्धं निदान झालं. ओल दिसली की ती कुठं आहे याच्या आधी ती वाढते कधी हे विचारा. घरातली माणसं आठवडाभर गावाला गेली आणि ओल सुकली, तर संशय जाणाऱ्या पाण्यावर किंवा फरशीच्या सांध्यांवर. कुणी नसतानाही ती तशीच राहिली किंवा पसरली, तर संशय येणाऱ्या पाण्याच्या पाइपवर. हे सांगू शकतो तो फक्त तिथं राहणारा माणूस. मालकाला फोनवर ‘भिंत ओली आहे’ एवढंच कळून उपयोग नाही.

येणाऱ्या पाण्यासाठी आणखी सोपी चाचणी आहे. सगळे नळ बंद करायचे, मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, दोन तास पाण्याला हात लावायचा नाही आणि पुन्हा आकडा बघायचा. सरकला असेल तर पाणी कुठंतरी जातंय. कमोडची टाकी हा नेहमीचा चोर. आतलं रबर झिजलं की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहतं आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला.

## वाकड्या पाइपची करामत

बेसिनखाली वाकून बघितलंत तर पाइप सरळ खाली जात नाही. आधी वळसा घेतो. हा वळसा जागा वाचवायला दिलेला नाही. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी बूच बनून गटारातला वायू घरात येऊ देत नाही. याला ट्रॅप म्हणतात. बाथरूमच्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप, कमोडमध्ये तर ट्रॅप भांड्यातच घडवलेला असतो. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली असा वाकडा पाइप असलेल्या कमोडचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांत तत्त्व तेच राहिलं आहे.

या बुचाची उंची साधारण ५० मिलिमीटर असते. दोन इंच पाणी, बस्स. रोज वापर असेल तर ते रोज ताजं होतं. घर बंद राहिलं की काही आठवड्यांत त्याची वाफ होते आणि गटार व घर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. सुरुवातीच्या प्रसंगात सुकलेलं होतं ते हे.

‘वासच ना, सहन करू’ असं कुणी म्हणेल. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या ३३ मजली वसाहतीत २००३ साली सार्स या श्वसनाच्या साथरोगाची जी लागण झाली, तिच्यात तीनशेहून अधिक रहिवासी सापडले. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत बाथरूमच्या फरशीतले सुकलेले ट्रॅप हे एक मुख्य कारण होतं. लोक फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जाळीत पाणी जातच नव्हतं. त्यात बाथरूमचा पंखा हवा बाहेर ओढायला लागला की मलवाहिनीतली दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून आत खेचली जाई. रोज वापरात असलेल्या घरातही एखादा ट्रॅप असा उपाशी राहू शकतो, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. पाहुण्यांचं बाथरूम, बाल्कनीतली जाळी, वॉशिंग मशीनसाठी काढून ठेवलेलं पण कधीच न वापरलेलं तोंड. एकदा हिंडून मोजाच.

बूच सुकण्याखेरीज ओढूनही नेलं जातं. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की उभ्या पाइपमधून पाण्याचा लोंढा खाली येतो आणि मागे हवा ओढतो. ती हवा मिळायला वाट नसेल तर तो तुमच्या ट्रॅपमधलं पाणीच शोषतो. स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं टोक अंगठ्याने दाबा आणि उचला: पाणी आत अडकून राहतं, अंगठा काढला की सुटतं. हे ‘अंगठा काढून ठेवण्याचं’ काम गच्चीपर्यंत गेलेला उघड्या तोंडाचा पाइप करतो, त्याला व्हेंट म्हणतात. त्यात पक्ष्याने घरटं केलं, किंवा गच्चीवर शेड बांधताना कुणी तो कापून बंद केला, की खालच्या घरांत बेसिन गुडगुडायला लागतात. बेसिन गुडगुडतंय म्हणून बेसिन बदलणारे मालक मी पाहिले आहेत.

## ‘डाग इथं आहे, म्हणजे गळतीही इथंच’

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण गळतीसाठीच झाली असावी. पाणी स्लॅबमध्ये शिरलं की सरळ खाली पडत नाही. ते फरशीखालच्या भरावातून, विजेच्या नळकांड्यातून, सळईच्या कडेने सवडीची वाट शोधत जातं आणि जिथं फट मिळेल तिथं बाहेर येतं. ती जागा मूळ ठिकाणापासून पार पलीकडच्या खोलीत असू शकते.

मी भाड्याने राहत होतो तेव्हा झोपायच्या खोलीच्या छताला हाताच्या पंज्याएवढा तपकिरी डाग पडला. मी माझ्या मालकाला फोन केला. ते म्हणाले, ‘वरच्यांना सांगा.’ वरचेही भाडेकरू. ते म्हणाले, ‘आमच्या मालकांशी बोला.’ ते मालक दुसऱ्या शहरात. डागाला रंग दिला गेला, तो परत आला. तिसऱ्या महिन्यात पोपडे गादीवर पडायला लागले तेव्हा सगळे एकदाचे जमले आणि वरच्या बाथरूमची अर्धी फरशी फोडली गेली. फरशीखालचा भराव ओला होता, पाइप मात्र ठणठणीत. शेवटी बेसिनखालच्या अँगल कॉकवरून, म्हणजे भिंतीतून बेसिनला पाणी देणाऱ्या छोट्या चावीवरून, प्लंबरने बोट फिरवलं. बोट ओलं झालं. कॉकमागच्या सांध्यातून पाणी भिंतीच्या आत उतरत होतं. कॉक काढून, धागा गुंडाळून परत बसवायला त्याला दहा मिनिटं लागली. तीन महिने भिजत पडलेलं ते घोंगडं दहा मिनिटांचं होतं.

म्हणून हातोडा सगळ्यात शेवटी. आधी मीटर. मग एका वेळी एकच गोष्ट वापरून बघायची: एक दिवस फक्त बेसिन, दुसऱ्या दिवशी फक्त शॉवर. फरशीचा संशय असेल तर जाळीचं तोंड बंद करून एक-दोन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि दिवसभराने पातळी आणि खालचं छत दोन्ही बघायचं. आणखी एक, प्रत्येक ओल म्हणजे गळती नव्हे. गार पाण्याच्या पाइपवर दमट हवेत घाम धरतो, जसा थंड पाण्याच्या ग्लासवर धरतो. तिथं पाइप फोडून काही सापडत नाही. हवा खेळती ठेवावी लागते किंवा पाइपवर आवरण चढवावं लागतं.

## तुंबणं एका दिवसात होत नाही

तक्रार एका दिवसात येते: ‘काल रात्रीपर्यंत चांगलं होतं, सकाळी पाणी वर आलं.’ पाइपच्या आतली गोष्ट मात्र वर्षाची असते. सिंकमधून गरम असताना पातळ असलेलं तेल-तूप जातं, थंड पाइपला लागलं की थिजून चिकटतं. त्या चिकट थरावर साबणाचा साका, त्यावर केस, त्यावर गाळ. आतला व्यास निम्मा झाला की पाण्याला वाट उरते ती मूळच्या चौथाईच. तरीही पाणी जातच राहतं, थोडं हळू, आणि माणसाला हळूपणाची सवय होते.

उतार चुकला असेल तर हे सगळं लवकर होतं. आडव्या पाइपला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर ढाळ असावा, म्हणजे पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहतं आणि गाळ आपल्याबरोबर घेऊन जातं. नंतर जोडलेल्या बाथरूममध्ये गोम असते ती इथं. भाडं वाढावं म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात एक बाथरूम काढलं जातं, उभा पाइप असतो घराच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या लांब आडव्या पाइपला ढाळ द्यायला फरशीखाली जागाच नसते. मग ते बाथरूम जन्मभर तुंबतं आणि दर भाडेकरू बदलला की ‘हे लोक कसे वापरतात कोण जाणे’ असं ऐकू येतं.

‘ऍसिड ओतलं की मोकळं होतं की!’ होतं कधीकधी. बाजारातली ड्रेन साफ करायची पावडर बहुधा कॉस्टिक सोडा असते. ती पाण्याशी मिळून तापते आणि चरबी विरघळवते. पण पूर्ण तुंबलेल्या पाइपात ती पुढे सरकत नाही. तिथंच साचून राहते, कधी दगडासारखी घट्ट बसते, आणि नंतर पाइपचं ते वळण उघडणाऱ्या प्लंबरच्या हातातोंडावर उडते. तेव्हा काय ओतलंय ते त्याला आधी सांगा. ऍसिड आणि ब्लीच तर एकाच जाळीत कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. रबरी पंप, पाइपात सरकवायची लांब स्प्रिंग आणि ट्रॅप खोलून हाताने साफ करणं हे उपाय किळसवाणे आहेत, पण पाइपला इजा करत नाहीत.

## ‘भाडेकरूंनीच वाट लावली’

काही वेळा लावलेलीही असते. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर कमोडमध्ये टाकले तर दोष वापरणाऱ्याचा. ‘फ्लशेबल’ असं पाकिटावर छापलं असलं तरी बहुतेक वाइप्स टॉयलेट पेपरसारखे पाण्यात सुटे होत नाहीत.

पण रबराचं वॉशर कडक होणं, लोखंडी पाइप आतून गंजणं, फरशीच्या सांध्यातलं ग्राउट झडणं, व्हेंट बंद असणं यात भाडेकरूचा काय हात? ही वयाची लक्षणं आहेत. कायदे जागोजागी वेगळे असले, तरी व्यवहारातला ढोबळ नियम असा चालतो: इमारतीचा भाग असलेले पाइप आणि झीज मालकाकडे, चुकीच्या वापराने झालेलं नुकसान भाडेकरूकडे. भांडण होतं ते मधल्या पट्ट्यात. समजा, गळती जुन्या वॉशरमुळे होती, पण भाडेकरूने दोन महिने सांगितलीच नाही. आता फुगलेल्या लाकडी कपाटाचे पैसे कोणी द्यायचे?

मालकांना माझं मत आवडणार नाही, पण सांगतो. भाडेकरू गप्प बसतो त्याला बरेचदा मालकाने लावलेली शिस्त कारण असते. प्रत्येक तक्रारीला ‘तुमच्या आधी असं कधी झालं नव्हतं’ हे उत्तर मिळालं, अनामत रकमेतून कापायची भाषा झाली, की माणूस सिंकखाली डबा ठेवून दिवस काढतो. करारात ‘गळती दिसल्यावर दोन दिवसांत कळवावं, वेळेत कळवल्यास खर्च मालकाचा’ अशी एक ओळ असेल तर तो डबा ठेवायचं कारण उरत नाही. राहायला येताना सिंकखालचे, कमोडमागचे, छताच्या कोपऱ्यांचे तारखेसह फोटो दोघांकडेही असावेत. आणि घराचा मुख्य कॉक कुठं आहे, तो फिरतो का, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी दाखवा. पाइप फुटल्यावर कॉक शोधण्यात गेलेली वीस मिनिटं खालच्या घराला भोवतात.

विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान आणि महिनोन्‌महिने झिरपून झालेलं नुकसान यांत बहुतेक पॉलिसी फरक करतात, आणि दुसरं सहसा वगळलेलं असतं. तुमची पॉलिसी काढून तेवढा परिच्छेद वाचा.

## ‘बाथरूम नवं केलंय, आता काय होणार?’

नव्या टाइल्स फोटोत छान दिसतात आणि भाडंही थोडं वाढतं. पण टाइल्सच्या मागचे पाइप जुनेच ठेवले असतील तर झालेली गोष्ट एवढीच की पुढच्या गळतीला महागडी फरशी फोडावी लागेल. सुधारणेचे पैसे मोजके असतील तर ते आधी भिंतीमागे घाला आणि टाइल साधी निवडा. सांध्यांपाशी उघडता येईल असं छोटं झाकण ठेवा. भिंत बंद करण्यापूर्वी पाइप कुठून कुठं गेलेत याचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवा.

आणि ओलीवर नुसता रंग मारू नका. भिजलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, रंगाने ती झाकली जाते, मरत नाही. त्याहून गंभीर प्रकार स्लॅबच्या आत चालतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून गंजणारी सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. छताचे ढलपे पडून सळई दिसायला लागली की मग ते काम प्लंबरचं राहत नाही.

गुंतवणूक म्हणून घर घेतलेल्यांसाठी हिशेब सोपा आहे. बाथरूम फोडलं आणि घर महिनाभर रिकामं राहिलं, तर वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा गेला. दुरुस्तीचा खर्च त्याच्या वर.

## ‘घर बंदच आहे, मग काय बिघडणार?’

ट्रॅप सुकतात ते पाहिलं. रबरी सीलही कोरडे पडून भेगाळतात आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की तिथूनच गळतात. शिवाय पाइपात थांबलेलं पाणी शिळं होतं. २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. तो प्रामुख्याने शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि न्यूमोनियासारखा आजार होतो.

म्हणून घर बंद ठेवताना मुख्य कॉक बंद करा. दर दोन आठवड्यांनी कुणीतरी जाऊन प्रत्येक नळ काही मिनिटं सोडावा, प्रत्येक जाळीत पाणी ओतावं. तेवढंही जमणार नसेल तर जाळीत पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा पातळ थर वाफ होणं पुष्कळ लांबवतो. नवा भाडेकरू यायच्या आधी शॉवरची चकती काढून पाणी वाहू द्या.

## विकत घ्यायच्या आधी

दलाल हॉल दाखवतो, बाल्कनी दाखवतो. तुम्ही सिंकखाली टॉर्च मारा. सगळे नळ एकाच वेळी सोडून बेसिन आणि सिंकमधलं पाणी किती वेगाने जातं ते बघा, त्याच वेळी कमोड फ्लश करा आणि जाळी गुडगुडते का ते ऐका. बाथरूमच्या भिंतीची पलीकडची बाजू हाताने चाचपा. पांढरे क्षार, फुगलेला रंग, कुजकी चौकट दिसली तर किती जुनं आहे ते विचारा. फरशीवर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते बघा.

नंतर एक मजला खाली उतरा आणि बेल वाजवा. तुमच्या होऊ घातलेल्या बाथरूमबद्दल त्या घरातल्या माणसांना विक्रेत्यापेक्षा जास्त माहिती असते, आणि ती सांगायला ती बहुधा उत्सुकही असतात. त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. सगळ्या छताला जुना रंग आणि मधल्याच एका चौकोनाला ताजा पांढरा रंग दिसला, तर तो कोणी दिला आणि कधी, एवढं विचारून या.